गेम मध्येच बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

परभणी, नांदेड, लातूर भागात मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की ज्याला कॉम्प्युटरमधल्या चार गोष्टी कळतात त्याचा फोन वाजायला लागतो. तक्रार ठरलेली असते: "दादा, गेम चालू केला की दहा मिनिटांत एरर येऊन बंद पडायलाय." त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, तो म्हणजे विंडोज फॉरमॅट मारून घे.

या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. फॉरमॅटने फक्त विंडोजमधला बिघाड जातो. गेमची फाइल अर्धवट उतरली असेल, रॅम खराब असेल, प्रोसेसरच्या पंख्याखाली धूळ साचली असेल किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) दमला असेल, तर कोऱ्या विंडोजवरही तोच गेम तसाच बंद पडणार. मधल्या मध्ये सेव्ह केलेला खेळ जातो, घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं धोक्यात येतात आणि ७०-८० जीबीचा गेम पुन्हा उतरवावा लागतो. ज्याच्याकडे रोजचा दीड-दोन जीबी मोबाईल डेटाच आहे त्याने तो कसा उतरवायचा?

गेम का बंद पडला याची नोंद विंडोज स्वतः ठेवत असतं. ती आधी वाचायची, मग हात लावायचा. आणि एका वेळी एकच बदल करायचा. ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला, रॅम काढली आणि सेटिंग कमी केली, हे सगळं एकाच संध्याकाळी केलं आणि गेम चालला, तर नेमकं कशामुळे चालला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं. जवळ एक वही ठेवा. तारीख, काय बदललं, गेम किती वेळ चालला, एवढं लिहिलं तरी पुरे.

आधी लक्षण नीट बघा

"गेम बंद पडतो" यात चार वेगळे प्रकार येतात आणि चौघांची वाट वेगळी.

गेमची खिडकी एकदम नाहीशी होऊन डेस्कटॉप दिसतो, किंवा छोट्या चौकटीत एरर येतो, पण विंडोज चालू राहतं. अशा वेळी बहुधा गेमच्या फाइल्स, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा एखादी कमी असलेली डीएलएल फाइल (प्रोग्रामला चालायला लागणारी जोडफाइल) कारण असते.

स्क्रीन काही सेकंद काळी होऊन परत येते आणि गेम गेलेला असतो. हे ग्राफिक्स कार्डाचं किंवा त्याच्या ड्रायव्हरचं काम.

निळा पडदा येतो (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तो काळा असतो). इथे ड्रायव्हर, रॅम, डिस्क, प्रोसेसर यांपैकी काहीही असू शकतं, पण पडद्यावरच नाव लिहिलेलं असतं.

कुठलाही संदेश न देता कॉम्प्युटर खटकन बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. हा प्रकार असेल तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका, सरळ खाली उष्णता आणि विजेच्या भागाकडे जा.

गेम चालू केल्या केल्या बंद पडतो की वीस मिनिटांनी, हेही वहीत लिहा. दर वेळी त्याच जागी, म्हणजे एखाद्या ठरावीक लेव्हलला बंद पडत असेल तर फाइलचा संशय घ्यावा. वेळ जाईल तसा बंद पडत असेल तर उष्णतेचा. आणि कधीही, कुठेही पडत असेल तर रॅम किंवा विजेचा.

नोंद कुठे असते आणि ती कशी वाचायची

स्टार्ट मेनूत "रिलायबिलिटी" एवढं इंग्रजीत टाईप करा. "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" असा पर्याय येतो. उघडल्यावर तारखांचा तक्ता दिसतो आणि ज्या दिवशी काही बिघडलं तिथे लाल फुली असते. फुलीवर क्लिक केलं की खाली गेमचं नाव येतं, त्यावर डबल क्लिक केलं की तपशील. नवख्या माणसाला सुरुवातीला एवढंच पुरतं.

जास्त खोलात जायचं तर "इव्हेंट व्ह्यूअर" उघडा. डावीकडे "विंडोज लॉग्ज", त्याखाली "ॲप्लिकेशन". गेम ज्या मिनिटाला बंद पडला त्या वेळेची लाल खूण असलेली नोंद शोधा. "ॲप्लिकेशन एरर" आणि इव्हेंट आयडी १००० असेल तर हवी ती नोंद सापडली. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या असतात: "फॉल्टिंग ॲप्लिकेशन नेम" म्हणजे बंद पडलेला प्रोग्राम, "फॉल्टिंग मॉड्यूल नेम" म्हणजे ज्या फाइलीत असताना तो पडला ती फाइल, आणि "एक्सेप्शन कोड".

मॉड्यूलच्या नावावरून बरंच कळतं. नाव "एनव्ही"ने सुरू होत असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर, "एटीआय" किंवा "एएमडी"ने सुरू होत असेल तर एएमडीचा, "आयजीडी"ने सुरू होत असेल तर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा. नावात "ओव्हरले", "हूक" किंवा "आरटीएसएस" दिसलं तर स्टीम (गेम घेऊन उतरवायचं ॲप), डिस्कॉर्ड किंवा एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) दाखवणाऱ्या प्रोग्रामने गेमवर घातलेला थर अडतोय. "एनटीडीएलएल" आणि "कर्नलबेस" ही नावं बघून घाबरू नका. त्या विंडोजच्या मूळ फाइल्स आहेत, जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्यांच्यातून जातो आणि दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

या सगळ्यात सर्वांत कामाची युक्ती अशी. एकच नोंद बघून थांबू नका, मागच्या पाच-सहा नोंदी काढून मॉड्यूलचं नाव शेजारी शेजारी लिहा. दर वेळी तेच नाव येत असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता जास्त. आज एनटीडीएलएल, काल ड्रायव्हर, परवा गेमचीच फाइल, मधेच क्रोमसुद्धा, असं दर वेळी नाव बदलत असेल तर रॅम, वीजपुरवठा किंवा प्रोसेसर डळमळीत आहे असं समजून हार्डवेअरकडे वळा. दुकानात मशीन घेऊन जाण्याआधी एवढं जरी वहीत लिहून नेलं तरी समोरच्या कारागिराचा अर्धा दिवस वाचतो.

नेहमी भेटणारे कोड

सगळे कोड "शून्य एक्स" या अक्षरांनी सुरू होतात, म्हणून इथे त्यापुढचा भागच लिहितो.

सी००००००५ हा सर्वांत जास्त भेटणारा. मेमरीतल्या ज्या जागेला हात लावायची परवानगी नाही तिथे प्रोग्राम गेला आणि विंडोजने त्याला थांबवलं, एवढाच याचा अर्थ. खराब गेम फाइल, मोड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल), ओव्हरले, ड्रायव्हर, रॅम, कशानेही हा येतो. म्हणून एकट्या या कोडवरून निदान होत नाही, वरची मॉड्यूलची युक्ती इथेच लागते.

सी०००००७बी म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिटच्या फाइल्सची सरमिसळ. कुणीतरी इंटरनेटवरून सुटी डीएलएल फाइल उतरवून सिस्टिम३२ या फोल्डरात टाकलेली असते. गंमत अशी, की ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइल्स असतात आणि ३२ बिटच्या फाइल्स सिसवॉव६४ मध्ये. नाव बघून टाकणारा हमखास चुकतो. शिवाय सुट्या डीएलएल देणाऱ्या वेबसाइटवरून काय काय आत येईल याचा भरवसा नाही. हा मार्ग कायमचा सोडा.

सी००००१३५, किंवा "अमुक डीएलएल सापडली नाही" असा संदेश, म्हणजे गेमला लागणारा पाया मशीनवर नाही. "एमएसव्हीसीपी१४०" किंवा "व्हीसीरनटाइम१४०" हे नाव आलं तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून "व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल", २०१५ ते २०२२ वाली, उतरवा. ६४ बिटचं विंडोज असलं तरी एक्स८६ आणि एक्स६४ अशा दोन्ही टाकायच्या, कारण बरेच गेम आणि त्यांचे लाँचर अजून ३२ बिटचे आहेत. "एमएसव्हीसीआर१२०" असेल तर २०१३ ची, "एमएसव्हीसीआर१००" असेल तर २०१० ची. जुन्या गेममध्ये "डी३डीएक्स९_४३" किंवा "एक्सइनपुट१_३" मागितलं तर मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम लागतं. विंडोज १० किंवा ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ आहे म्हणून ते नको, असं नसतं. त्या जुन्या फाइल्स नव्यासोबत येत नाहीत. स्टीमवर गेम असेल तर गेमच्या फोल्डरात किंवा स्टीमच्या सामाईक फोल्डरात "कॉमनरीडिस्ट" नावाखाली ही सगळी इन्स्टॉलर बहुधा आधीच पडलेली असतात. नेट न वापरता काम होतं.

सी०००००१डी हा कोड सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. प्रोसेसरला न समजणारी आज्ञा गेमने दिली असा त्याचा अर्थ. अलीकडचे बरेच गेम एव्हीएक्स किंवा एव्हीएक्स२ नावाच्या आज्ञा वापरतात. इंटेलच्या कोअर मालिकेत एव्हीएक्स २०११ च्या दुसऱ्या पिढीपासून आणि एव्हीएक्स२ २०१३ च्या चौथ्या पिढीपासून आलं. त्या काळच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ते नव्हतं. ऑफिसातून निघालेलं कोअर टू ड्युओ किंवा पहिल्या पिढीचं आय ५ मशीन स्वस्तात मिळतं, त्यात रॅम आणि एसएसडीही टाकता येते, पण ही कमतरता कुठल्याच सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. इथे खर्च आणि वेळ दोन्ही थांबवा.

सी००००१२डी किंवा "आउट ऑफ मेमरी" आला तर रॅम आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) दोन्ही मिळून जागा संपली. कुणीतरी "मशीन फास्ट होतं" म्हणून पेजफाइल बंद केलेली असते. "ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज"मध्ये परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअल मेमरी पुन्हा विंडोजच्या हवाली करा आणि सी ड्राइव्हवर वीसेक जीबी तरी मोकळी ठेवा.

८८७ए०००५ आणि ८८७ए०००६, सोबत "डीएक्सजीआय डिव्हाइस रिमूव्ह्ड" किंवा "हंग" असे शब्द. ग्राफिक्स कार्ड वेळेत उत्तर देऊ शकलं नाही. त्याचं पुढे बघू.

गेमच्या फाइल्स

स्टीममध्ये लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि मग "व्हेरिफाय इंटिग्रिटी". एपिकमध्ये गेमशेजारच्या तीन टिंबांवर, मॅनेजमध्ये, व्हेरिफाय. यात फक्त बिघडलेल्या फाइल्स पुन्हा उतरतात, अख्खा गेम नाही. नेट मध्येच तुटणं, वीज जाऊन डाउनलोड अर्धवट राहणं हे आपल्याकडे नेहमीचं आहे, म्हणून ही पायरी सर्वांत आधी. मात्र ही तपासणी बाहेरून टाकलेल्या जादा मोड फाइल्स काढत नाही. मोड टाकले असतील तर ते हाताने बाजूला करा.

डेटा कमी असेल तर: मित्राकडे तोच गेम स्टीमवर असेल आणि तुम्हीही तो घेतलेला असेल, तर त्याच्या "स्टीमॲप्स" मधल्या "कॉमन" फोल्डरातून गेमचं फोल्डर पेनड्राइव्हवर आणा, आपल्याकडे त्याच जागी ठेवा आणि मग इन्स्टॉल दाबा. स्टीम आधीच्या फाइल्स ओळखतं आणि उरलेलं तेवढंच उतरवतं. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल कॉपीच होत नाही, एक्सफॅट करून घ्या.

आपल्याकडे हमखास दुर्लक्षित राहणारं एक कारण म्हणजे युजरचं नाव. विंडोज टाकताना कुणी हौसेने नाव मराठीत लिहिलं, तर युजर फोल्डरचा पत्ता देवनागरी अक्षरांचा होतो. कित्येक जुन्या गेमना असा पत्ता वाचता येत नाही. ते सेव्ह फाइल बनवायला जातात आणि तिथेच पडतात. नुसतं नाव बदलून फोल्डर बदलत नाही. इंग्रजी अक्षरांत नवीन युजर तयार करा आणि त्यातून गेम चालवून बघा. चालला तर कारण सापडलं.

सेव्हच्या वेळीच बंद पडत असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" बघा. ते चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहायला गेमला मज्जाव होतो. गेमला तिथे परवानगी द्या, अँटीव्हायरस अख्खा बंद करू नका.

जुन्या मशीनची तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटणासारखी बॅटरी संपलीय. चुकीच्या तारखेमुळे ऑनलाइन गेम सर्व्हरशी जोडलेच जात नाहीत. बॅटरी किरकोळ दुकानातही मिळते. तसंच विंडोज ७ आणि ८ वर स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून पाठिंबा थांबवलाय, तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही.

क्रॅक केलेल्या गेमबद्दल एकच सांगतो. त्यातल्या फाइल्स मुळातच बदललेल्या असतात, त्यामुळे वरची कुठलीही तपासणी त्यांना लागू पडत नाही. शिवाय त्या मशीनवर घरच्यांची बँक, आधार आणि यूपीआय चालत असतं. पैसे नसतील तर मोफत मिळणारे चांगले गेम भरपूर आहेत.

ग्राफिक्स ड्रायव्हर

विंडोज व्हिस्टापासून एक व्यवस्था आहे: ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळात, मुळात २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते ती त्यामुळे. इव्हेंट व्ह्यूअरच्या "सिस्टिम" भागात "डिस्प्ले" या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद येते. रजिस्ट्रीत जाऊन ही दोन सेकंदांची मुदत वाढवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. मी ते करायला सांगत नाही, कारण त्याने कार्ड का अडकतंय हे तसंच राहतं.

ड्रायव्हर नीट बदलायचा तर असा. आधी कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून ठेवा. "डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर" हा मोफत प्रोग्राम घ्या. नेट बंद करा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर पुसा, रीस्टार्ट करा, नवा टाका, मग नेट जोडा. नवीनच ड्रायव्हर आल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती टाका. ताजा तोच चांगला असं नेहमी नसतं.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर गेम कशावर चालतोय ते बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे गेम निवडून "हाय परफॉर्मन्स" करा. आणि सगळे ओव्हरले एकदा बंद करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

विंडोजच्या फाइल्स

गेमसोबत इतर प्रोग्रामही चमत्कारिक वागत असतील तेव्हाच ही पायरी. कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ने उघडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या. पहिली: डीआयएसएम, जागा, स्लॅश ऑनलाइन, जागा, स्लॅश क्लीनअप-इमेज, जागा, स्लॅश रीस्टोअरहेल्थ. तिला नेट लागतं आणि ती मधेच एका आकड्यावर बराच वेळ थांबल्यासारखी दिसते. खिडकी बंद करू नका. ती संपली की दुसरी: एसएफसी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ. फाइल्स दुरुस्त झाल्या असा संदेश आला तर रीस्टार्ट करून गेम चालवा. काहीच बिघाड नाही असं आलं तर विंडोज ठीक आहे आणि फॉरमॅटची गरज नाही, हे पक्कं झालं.

रॅम आणि डिस्क

स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" शोधा. तो पटकन होतो, पण बारीक दोष सोडतो. खरी परीक्षा मेमटेस्ट८६ ची. पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास. "एकच एरर आहे, चालतंय की" असं इथे चालत नाही.

नापास झाली तर लगेच नवी घेऊ नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग, चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. रॅम जास्त वेगाला डळमळत असेल तर नेहमीच्या वेगाला ठीक चालते. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासा, आणि तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्येही. कधी कधी पट्टी चांगली आणि स्लॉट खराब असतो. सेकंडहँड बाजारातून दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वेगाच्या पट्ट्या जोडलेल्या असतील तर संशय आधी तिथेच घ्या.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो पुरतं. "कॉशन" किंवा "बॅड" दिसलं, किंवा सिस्टिमच्या नोंदीत "डिस्क" नावाने ७ क्रमांकाचा इव्हेंट आला, तर गेम बाजूला ठेवा आणि आधी घरचे फोटो व कागदपत्रं दुसरीकडे काढा.

ऊन, धूळ आणि कूलर

मराठवाड्याचा उन्हाळा हा या विषयातला सर्वांत मोठा भाग आहे आणि बाहेरच्या मार्गदर्शक लेखांत तो येतच नाही. हिटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, कधीही खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ ला चालत होता, तो पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० अंशांत त्याच गेमला साधारण ९० ला जातो. मशीन तेच, गेम तोच, फक्त महिना बदललेला. "हिवाळ्यात चालायचा, आता का चालेना" याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम चालू ठेवून गेम खेळा आणि बंद पडल्यावर तापमानाचा सर्वांत जास्त आकडा बघा. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांना आणि रायझनचे ७००० मालिकेतले ९५ ला स्वतःचा वेग कमी करतात. ग्राफिक्स कार्ड ८५ च्या वर सतत राहत असेल तर थंडावा कमी पडतोय. उष्णतेने गेम आधी अडखळतो, मग पडतो. अडखळणं दिसलं की आकडा बघायचा.

आता कॅबिनेटची बाजूची झडप उघडा. प्रोसेसरचा पंखा वरून स्वच्छ दिसतो आणि लोक तिथेच फसतात. पंख्याचे चार स्क्रू किंवा खटके काढून तो उचला. त्याच्या खाली, हिटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर, राखाडी रंगाची गादी बसलेली असते. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कपड्यांचे, कापसाचे तंतू यांची ती इतकी घट्ट बसते की बोटाने सोलून अख्खी निघते. जिनिंगजवळ घर असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी बघावी लागते. हवा त्या गादीतून जातच नाही, पंखा नुसता फिरतो. मशीन अंगणात न्या, प्लग काढलेला असू द्या, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. पातं मोकळं ठेवून जोरात फिरवलं तर बेअरिंग जातं. हिटसिंकही काढला असेल तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. एसएमपीएस मात्र बाहेरूनच साफ करायचा, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

घरात कूलर असेल तर मशीन त्याच्या थेट झोतात ठेवू नका. कूलरच्या वाळ्यातून किंवा जाळीतून बारीक तुषार उडतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर त्याचा पांढरा क्षार मागे राहतो. खिडकी उघडी ठेवून खोली थंड करा, मशीन झोताच्या बाजूला ठेवा. कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असेल तर मागे वीतभर जागा सोडा. लॅपटॉप गादीवर ठेवून गेम खेळायचा नाही. मागची बाजू उचलली जाईल असं काहीतरी खाली ठेवा. गेममध्ये एफपीएस ६० वर बांधून टाकला तरी कार्डाचा बराच ताप कमी होतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

वीज

संदेशाविना बंद झालेल्या मशीनमध्ये, सिस्टिमच्या नोंदीत "कर्नल-पॉवर" ४१ दिसतं. लोक हाच एरर शोधत बसतात, पण तो फक्त एवढंच सांगतो की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. त्याच्या तपशिलात "बगचेककोड" शून्य असेल तर निळा पडदासुद्धा आला नव्हता. याचा अर्थ एकतर वीज तुटली किंवा मशीन गोठलं आणि बटण दाबून बंद केलं.

गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड एकदम जास्त वीज ओढतं. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं म्हणून तो तेवढी देतोच असं नाही. कार्डाला ८ पिनची जोडणी असेल तर ती एकटी १५० वॉटपर्यंतची आहे आणि स्लॉटमधून आणखी ७५. जुन्या वायरींना ॲडॅप्टर लावून ही जोडणी केली असेल तर ती काढा. परीक्षा सोपी आहे: मित्राचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळसाठी लावून बघा.

नंतर भिंतीकडे या. संध्याकाळी पंख्याचा वेग मंदावतो, ट्यूब लुकलुकते, त्याच वेळी मशीन पडतं का? वहीतल्या वेळा इथे कामाला येतात. तसं असेल तर वायरमनकडून व्होल्टेज आणि अर्थिंग दोन्ही मोजून घ्या. फ्रिज, कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नको. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट झेलतो, म्हणजे मोठं कार्ड असलेलं मशीन गेम चालू असताना वीज गेली की तो यूपीएस असूनही बंद होणार. तो मशीन सांभाळायला कमी पडतो, खराब नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर त्याच्या मागे "यूपीएस" आणि "इको" असं बटण असतं का बघा. यूपीएस मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर जाणं लवकर होतं. इको मोडमध्ये लागणाऱ्या वेळात पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्युटर पडतो.

निळा पडदा आणि एक खास प्रोसेसर

पडद्यावर तळाला लिहिलेल्या "स्टॉप कोड"चा मोबाईलवर फोटो काढा. "मेमरी मॅनेजमेंट" दिसलं तर रॅम, "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" म्हणजे ग्राफिक्स, "व्हेआ अनकरेक्टेबल एरर" म्हणजे हार्डवेअर: प्रोसेसर, वीज, उष्णता किंवा ओव्हरक्लॉक. विंडोजच्या फोल्डरात "मिनिडम्प" नावाखाली प्रत्येक वेळची फाइल साठते, ती ब्लूस्क्रीनव्ह्यू या छोट्या प्रोग्राममध्ये उघडली की कोणत्या ड्रायव्हरचं नाव येतंय ते दिसतं.

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, विशेषतः आय ७ किंवा आय ९, आणि भरपूर मेमरीचं कार्ड असूनही "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" येत असेल, तर आधी बायोस अपडेट करा. या प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्याच वर्षी ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (बायोसमार्फत प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना) दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. त्यानंतरही गेम पडत राहिला तर बिल शोधा आणि प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा.

फॉरमॅट करायचाच असेल तर

रॅम पास, तापमान ठीक, वीज ठीक, एसएफसीला फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत आणि एकाहून जास्त गेम पडतायत, तर फॉरमॅट योग्य आहे. त्याआधी डॉक्युमेंट्समधलं "माय गेम्स", युजर फोल्डरातलं "सेव्ह्ड गेम्स" आणि लपलेल्या "ॲपडेटा" फोल्डरातल्या गेमच्या नावाच्या जागा कॉपी करून ठेवा. स्टीमचं "स्टीमॲप्स" फोल्डर सी सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, म्हणजे पुन्हा उतरवावं लागणार नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा मशीन झेपत असेल तर ११ टाका. युजरचं नाव इंग्रजी अक्षरांत. मग आधी मदरबोर्डच्या कंपनीचा चिपसेट ड्रायव्हर, त्यानंतर ग्राफिक्सचा, मग व्हिज्युअल सी प्लस प्लसचे दोन्ही पॅकेज, आणि शेवटी एकच गेम. तो तासभर नीट चालला की मग ओव्हरले, मोड आणि बाकीचे गेम एकेक करून परत आणा.